काळ बसतो एकाच शब्दावर : इंग्रजी क्रियापदांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे ‘ईडी’ लागणाऱ्या, म्हणजे नियमित क्रियापदांविषयी आहेत. अनियमित क्रियापदं पाठच करावी लागतात, हे सगळ्यांना मान्य असतं. नियमित क्रियापदं मात्र ‘सोपी’ म्हणून वर्गात एका तासात उरकली जातात आणि पुढे आयुष्यभर चुका तिथेच होत राहतात.

मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यम. तिला बारा काळांचा तक्ता पाठ करायला दिला आहे. प्रत्येक काळाचं होकारार्थी, नकारार्थी, प्रश्नार्थी असं सगळं ती घोकते आणि दोन दिवसांत विसरते. काही सोपी वाट आहे का? – एक पालक, सातारा

आहे, पण त्यासाठी आधी एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसवा. मराठीत क्रियापद एकटं फार ओझं वाहतं. ‘चालणे’ घ्या : चालतो, चालते, चालतेस, चालता, चालतात, चाललो, चाललीस, चालल्या, चालेन, चालशील, चालतील. काळ कोणता, चालणारा कोण, बाई की पुरुष, एक की अनेक, हे सगळं त्या एका शब्दाच्या शेपटीत असतं. इंग्रजीतल्या ‘वॉक’ला मात्र चारच रूपं आहेत : वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. पाचवं नाहीच. बाकीचं सगळं काम पुढे येणारे मदतनीस शब्द करतात, म्हणजे शाळेत ज्यांना हेल्पिंग व्हर्ब म्हणतात ते.

आणि हे मदतनीस शिस्तीचे आहेत. आपल्यामागून येणाऱ्या शब्दाचं रूप काय असावं, हे प्रत्येकाचं ठरलेलं आहे.

डू, डझ, डिड यांच्यामागे मूळ रूप. विल, कॅन, शुड, मस्ट यांच्यामागेही मूळ रूप. हॅव, हॅज, हॅड यांच्यामागे ‘ईडी’चं रूप, म्हणजे शाळेत ज्याला ‘तिसरं रूप’ म्हणतात ते. अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर, बीन यांच्यामागे ‘आयएनजी’चं रूप. (कर्मणी प्रयोगात या शेवटच्या गटामागे ‘ईडी’ येतं : ‘द फ्लोअर इज क्लीन्ड’. पण तो धडा सध्या बाजूला ठेवा.)

एवढ्या चार ओळींत सगळा तक्ता बसतो. सर्वांत लांबलचक दिसणारं वाक्य घेऊन पाहू : ‘शी विल हॅव बीन वॉकिंग’. विल आला म्हणून मागे ‘हॅव’ मूळ रूपात, ‘हॅज’ नाही. हॅव आला म्हणून मागे ‘बी’चं तिसरं रूप ‘बीन’. बीन आला म्हणून ‘वॉकिंग’. एकेक शब्द पुढच्याचा हात धरून येतो. बारा काळांत मोजून बघा : ‘वॉकिंग’ सहा ठिकाणी येतं, ‘वॉक्ड’ चार ठिकाणी आणि उरलेल्या दोन ठिकाणी ‘वॉक’ किंवा ‘वॉक्स’. मुलीला ही मोजणी स्वतः करू द्या. तक्त्याची निम्मी भीती तिथेच जाते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. काळ फक्त पहिल्या शब्दावर बसतो. ‘हॅज बीन वॉकिंग’ आणि ‘हॅड बीन वॉकिंग’ यांत फरक फक्त पहिल्या शब्दात आहे, मागचे दोन जसेच्या तसे. ‘ती’साठी लागणारा ‘एस’सुद्धा पहिल्याच शब्दावर येतो : शी वॉक्स, शी डझ नॉट वॉक, शी हॅज वॉक्ड, शी इज वॉकिंग.

सराव असा घ्या. कागदाच्या माथ्यावर एका क्रियापदाची चार रूपं लिहायची. कर्ता ‘शी’च ठेवायचा, कारण ‘आय’ किंवा ‘दे’ घेतलं की ‘एस’ची चूक दिसतच नाही. सुरुवातीला पाचच वाक्यं : वॉक्स, वॉक्ड, विल वॉक, इज वॉकिंग, हॅज वॉक्ड. मग त्यांचे नकार, मग प्रश्न. रोज एक क्रियापद, पंधरा वाक्यं, दहा-पंधरा मिनिटं. भूतकाळ आणि भविष्यकाळातले ‘परफेक्ट कंटिन्युअस’ प्रकार बोलण्यात क्वचित येतात. ते शेवटी घेतले तरी चालतील. बारा काळांना सारखं वजन देऊन शिकवणं आम्हाला पटत नाही. पहिले पाच पक्के असतील तर मुलीचं रोजचं बहुतेक काम भागतं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. नियमित क्रियापदात दुसरं, म्हणजे साध्या भूतकाळाचं, आणि तिसरं रूप दिसायला एकच असतं. ‘आय वॉक्ड’मधलं ‘वॉक्ड’ दुसरं, ‘आय हॅव वॉक्ड’मधलं तिसरं, पण मुलांना ते कळायला काही खूण नाही. म्हणून आठवड्यातून एकदा त्याच जागी ‘ईट’ ठेवून बघा : आय एट, आय हॅव ईटन. जिथे ‘ईटन’ बसतं तिथे तिसरं रूप, हे मग डोळ्यांना दिसतं.

‘ही डिड नॉट कॉल्ड मी’ हे चूक आहे असं सांगतात. पण गोष्ट कालची आहे ना? मग ‘कॉल्ड’ का नको? – विद्यार्थी, परभणी

कारण कालचा काळ ‘डिड’वर आधीच बसलेला आहे. तो दोनदा दाखवायचा नसतो. ‘ही डिड नॉट कॉल मी.’ याच कारणाने ‘डझ शी वॉक्स?’ चूक आणि ‘डझ शी वॉक?’ बरोबर, ‘एस’ उचलून ‘डू’वर गेला आणि त्याचा ‘डझ’ झाला.

मराठीत ‘त्याने फोन केला नाही’ म्हणताना ‘केला’ तसाच राहतो, फक्त ‘नाही’ जोडला जातो. ती सवय हातातून सुटत नाही, म्हणून ही चूक इतकी चिवट. लिहून झाल्यावर फक्त ‘डिड’ आणि ‘डिडन्ट’ या शब्दांखाली रेघ मारा आणि त्या वाक्यातलं मुख्य क्रियापद तपासा. सगळं लेखन तपासण्यापेक्षा हे लवकर होतं.

मुलाखतीत माझे ‘वॉचेड’, ‘आस्केड’, ‘हेल्पेड’ असे उच्चार ऐकून समोरच्यांनी दुरुस्त केले. पण स्पेलिंगमध्ये ‘ई’ आहे, तर तो बोलायचा का नाही? आणि कुठे बोलायचा? – नोकरीच्या शोधात, नाशिक

‘ई’ आधी बोलला जात असे. काही शतकांपूर्वी इंग्रजीत हे ‘ईडी’ स्वतंत्र अवयव (एका ठोक्यात बोलला जाणारा शब्दाचा तुकडा, इंग्रजीत सिलेबल) म्हणून उच्चारलं जाई. पुढे बोलण्यातून स्वर गळाला, लिहिण्यात राहिला. आपल्याकडेही हेच आहे : ‘बसला’ लिहितो आणि ‘बस्ला’ म्हणतो, ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाने ‘ब-स-ला’ असे तिन्ही ठोके पाडले तर आपल्या कानाला जसं खटकतं, तसंच ‘वॉचेड’ इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाला खटकतं.

नियमासाठी शाळेतला व्यंजनसंधी आठवा. ‘विपद्’ आणि ‘काल’ जुळले की ‘विपत्काल’ होतं. पुढचा ‘क’ कठोर, म्हणून आधीच्या मृदू ‘द्’चा कठोर ‘त्’ झाला. इंग्रजी ‘ईडी’त हेच घडतं, फक्त दिशा उलटी, इथे आधीचा वर्ण मागून येणाऱ्याला बदलतो.

मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज कठोर असेल, म्हणजे क, प, च, स, श, फ यांपैकी, तर ‘ईडी’चा उच्चार ‘ट’ : वॉक्ट, हेल्प्ट, वॉच्ट, वॉश्ट, लाफ्ट. शेवटी मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘ड’ : कॉल्ड, ओपन्ड, लिव्ह्ड, प्लेड, क्राइड. आणि शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’च असेल तर त्यावर आणखी एक ‘ट’ वा ‘ड’ चढवता येत नाही. म्हणून तिथे, आणि फक्त तिथेच, जुना स्वर टिकून राहिला : वॉन्टिड, स्टार्टिड, नीडिड, वेटिड.

अक्षर बघू नका, आवाज ऐका. ‘लाफ’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी जी-एच आहे, पण आवाज ‘फ’चा, म्हणून ‘लाफ्ट’. ‘फिक्स’मध्ये शेवटचा आवाज ‘स’, म्हणून ‘फिक्स्ट’. ‘पास’ला ‘ईडी’ लावलं की त्याचा उच्चार ‘भूतकाळ’ या अर्थाच्या ‘पास्ट’सारखाच होतो, जराही वेगळा नाही. कठोर की मृदू हे ठरत नसेल तर गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि ‘स्स्स’ म्हणा, मग ‘व्व्व’ म्हणा. कंप जाणवला तर मृदू.

जीभ अडखळते ती जोडाक्षरांवर. ‘आस्क्ट’मध्ये स, क, ट असे तीन व्यंजनांचे आवाज सलग येतात. इंग्रज स्वतःही भरभर बोलताना मधला ‘क’ गिळतात आणि ‘आस्ट’ म्हणतात; तुम्ही म्हटलंत तर काही बिघडत नाही. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर शेवटचा ‘ट’ त्याच्यावर टाकून द्या : ‘लुक्ट अ‍ॅट’ म्हणजे ‘लुक-टॅट’, ‘वॉक्ट इन’ म्हणजे ‘वॉक-टिन’. टेबलावर बोटाने ठोके देऊन सराव करा. ‘वॉच्ट’ला एक ठोका, ‘हेल्प्ट’ला एक, ‘स्टार्टिड’ला दोन.

‘वॉचेड’ म्हणणारा निदान समजतो तरी. त्याहून मोठी चूक म्हणजे दुरुस्तीच्या भीतीने शेवट पूर्ण गिळून ‘येस्टरडे आय वॉच’ म्हणणं. तिथे काळच नाहीसा होतो.

काही विशेषणांत मात्र स्वर अजून जिवंत आहे. ‘शिकलो’ या अर्थी ‘लर्न्ड’, पण ‘विद्वान’ या अर्थी ‘लर्निड’. न्यायालयात ‘लर्निड कौन्सेल’ म्हणतात ते हेच. ‘एस’चा उच्चारही याच धर्तीवर चालतो : कठोर आवाजामागे ‘स’ (वॉक्स), मृदू व्यंजन किंवा स्वरामागे ‘झ’ (कॉल्झ, प्लेझ), आणि स, श, च यांसारख्या सूं-सूं करणाऱ्या आवाजांमागे ‘इझ’ (वॉचिझ). अपवाद दोनच लक्षात ठेवा : ‘से’चं ‘सेइझ’ होत नाही, आखूड ‘सेझ’ होतं, ‘डू’चं ‘डझ’ होतं.

‘स्टॉप’ला ईडी लावताना पी दोनदा, पण ‘डेव्हलप’ला एकदाच. ‘ऑफर’ला आर एकदा, ‘प्रिफर’ला दोनदा. स्पर्धा परीक्षेत यावर हमखास गुण जातात. – उमेदवार, पुणे

दुहेरी अक्षर आधीच्या स्वराचं रक्षण करतं. ‘हॉप’, म्हणजे लंगडी घालणं, याला एकच पी ठेवून ईडी लावलं तर शब्द ‘होप्ड’ असा वाचला जाईल, म्हणजे ‘आशा केली’. तो आखूड ‘ऑ’ वाचवायला दुसरा पी येतो.

मूळ क्रियापद एकाच अवयवाचं असेल आणि शेवटी एक स्वर व एक व्यंजन असेल, तर व्यंजन दुप्पट : स्टॉप, प्लॅन, ड्रॉप, रब. दोन स्वराक्षरं असतील (रेन, कुक, क्लीन) किंवा दोन व्यंजनं असतील (हेल्प, वॉक), तर नाही. शेवटचं डब्ल्यू, एक्स आणि वाय कधीच दुप्पट होत नाही.

शब्द लांब असेल तर आघात, म्हणजे बोलताना दिलेला जोर, कुठे आहे ते पाहायचं. आघात शेवटच्या अवयवावर असेल तर दुप्पट : प्रिफर, अ‍ॅडमिट, अकर (घडणे). आघात आधी असेल तर एकच : ऑफर, व्हिजिट, ओपन, एडिट, डेव्हलप. आपण इंग्रजी बोलताना सगळे अवयव सारख्याच जोराने म्हणतो, म्हणून आघात कानाला सापडत नाही. शब्दकोशात उच्चारापुढे वर एक बारीक उभी रेघ असते. ती ज्या अवयवाच्या आधी, त्यावर आघात. ‘अकर’चं भूतकाळी रूप एकदा हाताने लिहून ठेवा : त्यात सी दोन, आर दोन. चार जागी चुकतो असा शब्द आहे तो.

‘ट्रॅव्हल’ आणि ‘कॅन्सल’ नियम मोडतात. ब्रिटिश पद्धतीत एल दोन, अमेरिकनमध्ये एक. भारतात ब्रिटिश पद्धत रूढ आहे. एका उत्तरपत्रिकेत दोन्ही मिसळू नका, एवढं पुरे.

वायचं थोडक्यात : वायच्या आधी व्यंजन असेल तर वायचा आय होतो (स्टडी, ट्राय, कॅरी), स्वर असेल तर वाय तसाच (प्ले, स्टे). पे, से आणि ले हे तीन मात्र वाय टाकून देतात आणि त्यांच्या शेवटी ए-आय-डी येतं. ‘आयएनजी’ लावताना वाय कधीच बदलत नाही. ‘पॅनिक’ आणि ‘पिकनिक’ला ईडीपूर्वी के घालावा लागतो, नाहीतर सीचा उच्चार ‘स’ होईल.

ऑफिसच्या मेलमध्ये मी ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म ऑन मंडे’ आणि ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असं लिहितो. वरिष्ठ दोन्ही चूक म्हणतात. मला तर बरोबर वाटतात. – लेखा विभागातील कर्मचारी, ठाणे

बरोबर वाटतात, कारण मराठी म्हणून ती अगदी बरोबर आहेत. ‘मी सोमवारी फॉर्म भरला आहे’ यात खटकण्यासारखं काही नाही. इंग्रजीत मात्र ‘हॅव’ हा वर्तमानकाळाचा शब्द आहे. ‘आता हातात काय आहे’ हे तो सांगतो. सोमवार संपून गेला; संपलेल्या वेळेचं नाव घेतलं की ‘हॅव’ चालत नाही. म्हणून ‘आय सबमिटेड द फॉर्म ऑन मंडे’ किंवा वार गाळून ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म’. येस्टरडे, लास्ट वीक, अगो, इन २०१९ हे शब्द वाक्यात दिसले की ‘हॅव’ काढा. टुडे, धिस वीक, सो फार, ऑलरेडी असतील तर ठेवा.

दुसऱ्या वाक्यात दोन दोष आहेत. मराठीतला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो : ‘२०२०पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगताना ‘सिन्स’, मधला अवधी सांगताना ‘फॉर’. शिवाय तेव्हा सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला ‘अ‍ॅम वर्किंग’ पुरत नाही. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’

बायोडेटात एक विशेष काळजी घ्या. ‘आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असं लिहिलंत तर वाचणारा समजेल की तुम्ही ती नोकरी सोडली आहे.

‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ म्हणू नये असं शिक्षक सांगतात, कारण सांगत नाहीत. – विद्यार्थिनी, कोल्हापूर

मराठीत ‘मी सहमत आहे’. यात ‘सहमत’ विशेषण आहे आणि क्रियापदाचं काम ‘आहे’ करतो. त्या ‘आहे’चं ‘अ‍ॅम’ होतं आणि चूक घडते. ‘अ‍ॅग्री’ स्वतःच क्रियापद आहे : आय अ‍ॅग्री, शी अ‍ॅग्रीज, दे अ‍ॅग्रीड. ‘मला माहीत आहे’चं ‘आय अ‍ॅम नोइंग’ आणि ‘मला दोन बहिणी आहेत’चं ‘आय अ‍ॅम हॅविंग टू सिस्टर्स’ याच वाटेने येतात. मनात ‘आहे’ आला की क्षणभर थांबायचं आणि विचारायचं : पुढचा इंग्रजी शब्द एकटा क्रियापद म्हणून उभा राहतो का? राहत असेल तर ‘अ‍ॅम’ गाळा. नो, वॉन्ट, लाइक, बिलीव्ह, बिलाँग ही क्रियापदं मनातली स्थिती किंवा मालकी सांगतात. ती सहसा ‘आयएनजी’ घेत नाहीत.

‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ याचं इंग्रजी करताना ‘इफ इट रेन्ड’ लिहिलं, ते कापलं गेलं. ‘इफ इट विल रेन’ लिहिलं, तेही कापलं. मग लिहायचं काय? – अकरावीचा विद्यार्थी, चंद्रपूर

‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.’ इंग्रजीत भविष्यातली अट सांगताना ‘इफ’च्या बाजूला साधा वर्तमानकाळ, आणि ‘विल’ फक्त दुसऱ्या बाजूला. ‘इफ इट रेन्ड’ असं लिहिलं की पाऊस पडण्याची शक्यता फार कमी आहे, नुसती कल्पना करतो आहोत, असा अर्थ निघतो. आणि मग दुसऱ्या बाजूला ‘विल’ऐवजी ‘वुड’ लागतो.

तुमची गफलत समजण्यासारखी आहे. मराठीत भूतकाळाचं रूप भविष्यासाठी सर्रास वापरतात. ‘काम संपलं की फोन कर’ म्हणताना काम संपलेलं नसतं : ‘व्हेन यू फिनिश, कॉल मी.’ इथेही ‘व्हेन यू विल फिनिश’ नाही आणि ‘फिनिश्ड’ही नाही. आई खालून हाक मारते आणि आपण वरून ‘आलोच!’ म्हणतो, तेव्हा आपण अजून जिन्यावरही नसतो. त्याचं इंग्रजी ‘आय केम’ नव्हे, ‘आय अ‍ॅम कमिंग’. दारात चप्पल घालताना म्हटलेलं ‘मी निघालो’ म्हणजे ‘आय अ‍ॅम लीव्हिंग’.

मराठी रूपावर भरवसा ठेवायचाच असेल तर ‘-णार’वर ठेवा. ‘मी उद्या अर्ज करणार आहे’ यातला आधी ठरवलेला बेत ‘गोइंग टू’मध्ये नीट उतरतो : ‘आय अ‍ॅम गोइंग टू अप्लाय टुमॉरो.’ आणि ‘थांबा, मी दार उघडते’ असं त्या क्षणी ठरवून म्हटलं, तर ‘वेट, आय विल ओपन द डोअर.’ मराठीत तिथे ‘उघडते’ हा वर्तमानकाळ दिसतो, म्हणून ‘आय ओपन द डोअर’ लिहिण्याचा मोह होईल. ते लिहू नका.